शिव्या बंद झाल्यापासून

४ फेब्रुवारी

श्री. भोंगा यांस,

नमस्कार. मनापासून नाही, पण शांतता समितीच्या पत्रकात 'सुरुवात सौजन्याने करावी' असं छापलंय, म्हणून.

तुमचं खरं नाव मला ठाऊक आहे, माझं तुम्हाला. पण बावीस वर्षं तुम्ही मला हवेतून पोपट म्हणालात आणि मी तुम्हाला भोंगा. आता या वयात नवी ओळख कुठे करत बसता? तेच चालू द्या.

कामाचं बोलतो. १ तारखेपासून युद्धविराम लागू झाला. त्यातल्या कलमानुसार दोन्ही रेडिओंनी एकमेकांवरची शेरेबाजी थांबवायची. म्हणजे तुमची 'पोपटपंची' बंद, आमचं 'खोट्याच्या कपाळी' बंद. आणि १५ एप्रिलपासून रोज संध्याकाळी साडेसातला दहा मिनिटांचं एकच बातमीपत्र, दोन्हीकडून एकदम. अर्धं मी आमच्या स्टुडिओतून वाचायचं, अर्धं तुम्ही तुमच्या. मधे तार. मसुदा दोघांनी मिळून करायचा, आणि तोही पत्रांतून, कारण फोन दर दोन मिनिटांनी मरतो. पत्रं समितीच्या कचेरीत फोडून वाचली जाणार आहेत, तेव्हा जपून.

पहिलाच वाद नावाचा. आम्ही तुम्हाला बंडखोर म्हणणार नाही. तुम्हीही आम्हाला जुलमी म्हणायचं नाही. नुसतं 'शहर' आणि 'डोंगर' असं म्हणावं ही माझी सूचना. दुसरं, तुम्ही वाचताना ओरडता. माईक हा बहिऱ्याचा कान नव्हे.

उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या. घरी आजारपण आहे. युद्धविरामाची बातमी आली तेव्हा आख्खी गल्ली रस्त्यावर नाचत होती आणि आमची ही भिंतीकडे तोंड करून निजली. त्या दिवसापासून जेवण टाकलंय. डॉक्टरला काही सापडत नाही.

आपला,
पोपट


११ फेब्रुवारी

प्रिय पोपटराव,

पत्र पोचलं. फोडलेलं होतं, पण परत चिकटवताना कुणीतरी डिंकाची बाटलीच उपडी केली होती, त्यामुळे पहिलं पान मला वाफेवर धरून सोडवावं लागलं. समितीच्या साहेबांनो, तुम्ही हेही वाचताय, तर थोडा हात आखडता घ्या.

'शहर' आणि 'डोंगर' मान्य. आमच्या वरच्यांना वाटतं की डोंगर हा शब्द पहिला यावा. मी म्हटलं, एक दिवस तो पहिला, एक दिवस हा. लहान पोरांची भांडणं मी अशीच मिटवतो. त्यांनाही पटलं.

ओरडण्याबद्दल म्हणाल, तर अहो, आमचा स्टुडिओ म्हणजे एका शाळेची कोठी. भिंतींना गाद्या ठोकल्यात, आवाज घुमू नये म्हणून. गाद्यांत ढेकूण. ढेकूण चावला की माणूस ओरडणारच. तुमच्यासारखं बंद पंख्याखाली घाम गाळत मंजूळ वाचायला आम्हाला कधी जमलं नाही. होय, पंखा बंद ठेवता हे आम्हाला माहीत आहे. पंख्याची घरघर येत नाही, पण उन्हाळ्यात तुमचा आवाज ओला येतो.

आणखी एक. शिव्या बंद झाल्यापासून इथे आमच्या 'पोपटपंची'ची लेखणी नुसती बसून आहे. लिहिणारीला मिरची म्हणतो आम्ही. रोज तुमचं बातमीपत्र ऐकायचं आणि पाऊण तासात तुमची सालटी काढायची, सात वर्षं हेच काम. आता पेन्सिलींना टोकं काढत बसते. काल बारा पेन्सिली संपवल्या.

वहिनींना काय होतंय? ताप आहे का? कळवा. हे मी सौजन्याच्या कलमासाठी विचारत नाही.

तुमचा,
भोंगा


१८ फेब्रुवारी

श्री. भोंगा,

हे पत्र समितीतून येत नाही. तार टाकणारा लाइनवाला आठवड्यातून एकदा तुमच्याकडे येतो, त्याच्या हाती दिलंय. वाचून जाळा.

आधी तुमच्या त्या मिरचीबद्दल. तुमची 'पोपटपंची' मी कधी कानांनी ऐकली नाही, त्या वेळी मी आमच्या स्टुडिओत असायचो, पण रोज सकाळी तुमच्या शिव्या टाइप करून माझ्या टेबलावर येत. सात वर्षांपूर्वीची पहिली मला पाठ आहे. 'पोपटराव, न्हाणीघरात बातम्यांचा सराव करता तेव्हा नळ तरी बंद ठेवत जा, शहरात पाणी नाही.' आख्खं ऑफिस हसलं होतं. ही घरातली गोष्ट बाहेर गेली कशी? आमचा शिपाई कधीमधी घरी फायली आणायचा, त्यानंच फोडली म्हणून मी त्याची गोदामात बदली करवली. आता तरी सांगा, तोच होता ना?

आता खरं काम. नऊ वर्षांपूर्वी माझी एकुलती मुलगी घर सोडून तुमच्याकडे गेली. ऑफिसात मी सांगितलं की लग्न होऊन परदेशी गेली. खोटंच. पण ज्याच्या घरातलं माणूस डोंगरात गेलं त्याला आमच्याकडे एका दिवसात घरी बसवतात, आणि मला दुसरं काही येत नाही.

झालं असं, त्या दिवशी मोठ्या चौकात गोळीबार झाला. ती तिथे होती. संध्याकाळी धापा टाकत घरात आली आणि सांगायला लागली. बातमीपत्राची वेळ झाली होती. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, आल्यावर ऐकतो. स्टुडिओत माझ्यापुढे कागद आला, त्यावर होतं की चौकात कुणीही मेलेलं नाही. मी वाचलं. तिनं ते घरी ऐकलं असणार. मी परत आलो तेव्हा ती नव्हती.

बबडी म्हणतो आम्ही तिला. आता तिशीला आली असेल. डावखुरी आहे. डाव्या भुवईवर झोपाळ्यावरून पडल्याची खूण आहे. जिवंत आहे का, एवढंच कळवा. बाकी काही मागत नाही.

पोपट


२७ फेब्रुवारी

प्रिय पोपटराव,

लाइनवाल्यानं पत्र दिलं. जाळलं.

शोधतो. पण एवढं सोपं नाही. इथे येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी जुनं नाव उंबऱ्याबाहेर ठेवून येतो. आमच्याकडे तीन डाव्या हाताच्या बायका आहेत, त्यातल्या दोघी पन्नाशीच्या. भुवया सगळ्यांच्याच फुटलेल्या. वेळ द्या.

मसुद्याचं सांगतो. समितीनं नवी अट घातली आहे, युद्धविरामाच्या आधीचं काहीही बातमीपत्रात येता कामा नये. मागचं उकरायचं नाही. मला ते पटलं. उकरायला बसलो तर तुमचंही निघेल, आमचंही निघेल आणि दहा मिनिटं कशाला पुरतील? शेवटची दोन मिनिटं हवामान घालू. ऊनपाऊस कुठल्या बाजूचा नसतो. हवामान आम्ही लिहून पाठवू, तुम्ही वाचा. तुमच्या तोंडी पाऊस शोभतो.

एक विचारू? समजा ती सापडली, तर तुम्ही तिला काय म्हणाल? नुसतं कुतूहल.

शिपायाचं मला माहीत नाही. पण बिचाऱ्याला गोदामातून बाहेर काढा.

भोंगा


६ मार्च

श्री. भोंगा,

काय म्हणीन म्हणजे? घरी चल म्हणीन. दुसरं काय म्हणतात?

आणि तुमच्या प्रश्नाचा रोख माझ्या लक्षात आला नाही असं समजू नका. वाचणाऱ्याचं काम वाचणं. कागद लिहिणारा वेगळा, ठरवणारा वेगळा. मी नसतो वाचलं तर दुसऱ्यानं वाचलं असतं, आणि वाईट वाचलं असतं. तुम्हीही काही हरिश्चंद्राचे अवतार नाही. आमच्या दूधसंघाच्या गाडीत बंदुका होत्या असं तुम्ही तीनदा वाचलंत. दूध होतं. मी तर ती गाडी बघून आलो होतो. उगाच सोवळं नेसू नका.

हिची तब्येत आणखी उतरलीय. 'खोट्याच्या कपाळी' बंद झाल्यामुळे मी आता लवकर घरी असतो, म्हणून माझ्या हे आत्ता लक्षात आलं. ही रोज सव्वाआठला स्वयंपाकघरात रेडिओ लावते, आवाज अगदी बारीक, आणि लावते कुठलं स्टेशन, तर तुमचं! माझ्या स्वयंपाकघरात! तिथे हल्ली शिव्यांच्या जागी तुमचा कुणी बासरी वाजवतो. ही थोडं ऐकते, बंद करते आणि जाऊन पडते. मी विचारलं, हे कधीपासून? तर म्हणाली, तुम्हाला काय करायचंय.

ती बासरी बंद करा. कुणीतरी मेल्यासारखी वाजते.

मुलीचं बघा.

पोपट


(बातमीपत्राच्या मसुद्याचं पाकीट समितीच्या कचेरीतून परत. शिक्का: 'वाटाघाटी स्थगित. टपाल बंद. १३ मार्च.')


२६ मार्च

भोंगाभाऊ,

हे पत्र पोपटरावांच्या बायकोचं. ह्यांना माहीत नाही. लाइनवाल्याला मी चहा पाजला आणि दिलं.

तुमच्या-आमच्या मधल्या नाक्यावर कुणी बाँब टाकला आणि बोलणी मोडली, तेव्हा गल्लीतल्या बायका रडत होत्या. पुन्हा ते दिवस, पुन्हा पोरांची काळजी. मीही त्यांच्यात उभी राहिले आणि डोळ्यांना पदर लावला. पण खरं सांगते, रात्री सव्वाआठला तुमचा रेडिओ लावला आणि 'पोपटपंची' परत सुरू झालेली ऐकली, तेव्हा मी दोन्ही वेळचं एकदम जेवले. लोकांचं घर जळत होतं आणि मला भूक लागली. आईची जात अशी पापी असते.

तुम्हाला कळलंच असेल मी काय म्हणतेय ते. कळलं नसेल तर तुम्ही ह्यांच्यापेक्षा जास्त भोळे.

सात वर्षांपूर्वी तुम्ही ते न्हाणीघरातल्या नळाचं वाचलंत. मी भांडी घासत होते. हसू फुटलं, आणि मग तिथेच मोरीत खाली बसले. ते तिचंच होतं. शाळेत असताना रोज न्हाणीघराच्या दाराबाहेरून ओरडायची, बाबा, नळ! त्या दिवसापासून एक दिवस सोडला नाही. ह्यांच्या सर्दीची खोड काढली, ह्यांच्या केसांच्या रंगाची खोड काढली, की मी म्हणायचे, बरं आहे, आज लिहिलंय म्हणजे आज आहे. एकदा चार दिवस शिव्यांना चवच नव्हती. दुसऱ्या कुणी लिहिल्या असणार. तिला ताप होता का हो तेव्हा?

ह्यांना कधी बोलले नाही. ह्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, ऑफिसात दुसऱ्या दिवशी कळलं असतं. आणि ह्यांनाच रोज शिव्या मिळायच्या, त्या ऐकून बायको खूश होते हे कुठल्या तोंडानं सांगू?

आता बोलणी परत सुरू झाली, परवापासून शिव्या पुन्हा बंद. चांगलंच आहे. जगातल्या सगळ्या आयांची पोरं वाचोत. पण माझी आहे की नाही ते मला कोण सांगणार? ती येऊ नये म्हणत असेल तर न येवो. भेट मागत नाही. तिचं एक वाक्य कुठेतरी घाला. कशातही घाला. मी ओळखीन.

बबडीची आई


३ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र मी मिरचीच्या हातात दिलं. मी न सांगण्याचा शब्द तिला दिला होता, सहा आठवडे पोटात ठेवला, पण तुम्ही ओळखलंच म्हटल्यावर माझा इलाज संपला. तिनं उभ्यानं वाचलं. म्हणाली, आईला माहीत होतं? मग माझ्यावरच खेकसली, की असं कसं लिहिते मी, कुणालाही ओळखू येईल असं? आणि बाहेर जाऊन सरपण फोडत बसली. आम्हाला आठवडाभर पुरेल एवढं फोडलं.

त्या चार दिवसांत ताप नव्हता. दाढ काढली होती.

पोपटरावांचं पत्रही तिनं वाचलं आहे, ते शोधून द्या म्हणणारं. मी जाळलं असं लिहिलं, पण आधी तिला दाखवलं. तिला राग आहे. कागदावर खोटं होतं म्हणून नाही. ती म्हणते, खोटं तर मीही सात वर्षं लिहिलं, दुधाच्या गाडीचं माझंच होतं. तिला राग त्या घड्याळाचा आहे. मी सांगत होते आणि त्यांनी घड्याळ बघितलं, एवढंच पुन:पुन्हा म्हणते.

घरी येईल असं मी सांगू शकत नाही. पण १५ तारखेपासून नव्या बातमीपत्राच्या शेवटी हवामान असेल. समितीतलं कुणी हवामान तपासत नाही. ते ती लिहील. वाचतील तुमचे हे. तुम्ही ऐका आणि जेवा.

त्यांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. नवरा-बायकोच्या मधे मी पडत नाही. एकदा पडलो होतो, माझ्याच घरात, अजून बोलणी चालू आहेत.

भोंगा


१७ एप्रिल

भोंगा,

तुम्ही मला फसवलंत. तुम्ही बावीस वर्षं मला फसवलंत त्यापेक्षा हे फसवणं मोठं.

काल दुसरंच बातमीपत्र. तुमचा भाग झाला, माझा झाला, कुठे अडखळलो नाही. मग हवामान. मी आधी वाचून बघितलं नव्हतं. हवामान काय बघायचं? वाचायला लागलो. 'उद्या दुपारनंतर वारा सुटेल. गच्चीवरच्या बनियनला दोन चिमटे लावावेत, म्हणजे ते शेजारच्या अंगणात जाणार नाही आणि परत आणायला घरातल्या लहान माणसाला पाठवावं लागणार नाही.'

माझं बनियन. तीनदा गेलं होतं शेजाऱ्यांकडे. आमचं त्यांचं बोलणं नव्हतं, म्हणून दर वेळी मी बबडीला पाठवायचो. सात वर्षांची होती. कुंपणापाशी उभी राहून मोठ्यानं ओरडायची, आमच्या बाबांचं फाटकं बनियन द्या!

मी थांबलो. चालू बातमीपत्रात. किती वेळ ते मला कळलं नाही. काचेपलीकडून ऑपरेटर हात हलवत होता. लोकांना वाटलं तार तुटली. मग कसंतरी 'किमान तापमान' वाचलं आणि संपवलं. समितीनं खुलासा मागितला आहे. ठसका लागला असं लिहून दिलं.

घरी आलो तर ही ताटावर बसलेली. हसत होती. मी म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणाली, सात वर्षं. मी तिच्याशी भांडणार होतो. पण ती जेवत होती हो. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवत होती. मग मीही ताट घेतलं.

मिरची. माझी पोर मला सात वर्षं सोलत होती आणि मी शिपायाला गोदामात घातलं. उद्या त्याच्याकडे जाऊन माफी मागायची आहे. पण ते माझं मी बघीन.

तिला सांगा, मी तिला भेटायला कुठेही येतो. तुमच्या ढेकणांतसुद्धा येतो. ती म्हणेल तिथे.

पोपट


२२ एप्रिल

प्रिय पोपटराव,

फसवलं हे खरं. तिला दिलेला शब्द तुम्हाला न दिलेल्या शब्दापेक्षा जड होता. तुम्ही बाप आहात, तुम्हाला कळेल. नाही कळलं तरी चालेल.

ती येतेय. तुम्ही इकडे यायचं नाही असं म्हणाली. तिला तिथेच, त्याच खोलीत बोलायचं आहे. समितीची भेटीची बस सुरू झाली आहे. येत्या शनिवारी, २८ तारखेला, तिला संध्याकाळी सहा ते नऊचा परवाना मिळाला. वेळ आम्ही निवडलेली नाही, समिती ज्याला जी देईल ती.

तिला तुमच्याकडून माफी नको, खुलासा तर नकोच. ती म्हणते, मी तेव्हा अर्ध्यावर थांबले होते, ते पूर्ण सांगायचंय, मधे उठायचं नाही. एवढंच.

साडेसातला बातमीपत्र आहे हे मला माहीत आहे. तिलाही. म्हणूनच लिहितो. आजारी आहे म्हणून कळवा.

भोंगा


२५ एप्रिल

भोंगा,

आजारी म्हणून कळवता येत नाही. मी विचारून पाहिलं. आमच्याकडे या बातमीपत्राला दुसरा माणूस मंजूर नाही. मंजुरीला महिना लागतो.

आणि तुम्ही बाजारात फिरत नाही म्हणून तुम्हाला कल्पना नसेल. इथे साडेसातला दुकानदार तराजू थांबवतो. लोक बातम्या ऐकत नाहीत, दोन्ही आवाज येतात का तेवढं ऐकतात. मी ठसका लागून थांबलो होतो ना, त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत दोन घरांनी सामान बांधायला काढलं होतं. पंधरा दिवसांचंही झालं नाही हे बातमीपत्राचं पोर. शनिवारी माझा आवाज आला नाही तर लोक म्हणतील, शहरानं अंग काढून घेतलं. रात्रीत कुणी एखादी गोळी झाडली तर ती कुणाच्या नावावर लिहायची?

मी सहा ते पावणेसात घरी थांबतो. मग जाऊन वाचतो, आणि सव्वाआठच्या आत परत येतो. तिला समजावून सांगा. तुमचं ती ऐकते.

मी घड्याळ आवडीनं बघत नाही हो.

पोपट


२९ एप्रिल

भोंगाभाऊ,

ह्यांच्यानं आज लिहवत नाही, म्हणून मी लिहिते. आणि लाइनवाला थांबलाय, तेव्हा थोडक्यात.

ती सव्वासहाला आली. केस अगदी बारीक कापलेत, खांदे हमालासारखे झालेत. सरपण कमी फोडायला लावा. दारात मला धरून उभी राहिली, मी किती वेळ सोडलीच नाही. ह्यांच्याकडे बघून म्हणाली, बाबा, रंग लावणं बंद केलंत वाटतं. हे म्हणाले, शिव्या देणारं कुणी उरलं नाही, मग कशाला लावू? हसलो सगळे. मग बसलो. बसचं झालं, रस्त्याचं झालं, दाढेचं झालं. दोघं आपले चहाच्या कपात बघतायत.

पावणेसात झाले. हे उठले. तिनं बघितलं. ह्यांनी बूट घातले, म्हणाले, बबडे, मी आलोच, आणि बाहेर पडले. मी तिच्याकडे बघू शकले नाही. खोटं कशाला बोलू, मला ह्यांचा राग आला नाही. गल्लीत माणसं दारात येऊन उभी होती, ह्यांच्या पोचण्याकडे सगळ्यांचे डोळे. कुणाच्या पदरात काय घालायचं हे ज्याला ठरवावं लागतं त्यालाच कळतं. पण पोरीचा चेहरा परत तसाच झाला होता, नऊ वर्षांपूर्वीचा.

जिना उतरल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. आणि मग हे परत वर आले. बुटांसकट आत येऊन तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, सांग.

ती सांगायला लागली. चौकात कुठून शिरली, बरोबर कोण होतं, कुणाच्या हातात पाण्याची बाटली होती. सगळं. हे हलले नाहीत. दोन्ही हात ह्यांनी गुडघ्यांखाली दाबून धरले.

साडेसात वाजले. मला बसवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन रेडिओ लावला. म्हटलं, आता काही येणार नाही, नुसती खरखर येईल, आणि उद्या काय होईल ते होईल. आणि तुमचा आवाज आला. 'आज शहराचे निवेदक घरी महत्त्वाच्या कामात आहेत. शहराच्या बातम्याही मीच वाचतो आहे.'

भाऊ, तुम्ही ओरडला नाहीत. ह्यांच्यासारखं थांबत थांबत, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखं वाचलंत. पालिकेच्या पाण्याच्या वेळा, शाळांच्या परीक्षा, आमच्या मंत्र्याचं ते रटाळ भाषण, सगळं शहराच्या बाजूनं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. बाहेर बघितलं तर गल्लीत माणसं तशीच उभी होती, पण ऐकत होती. समोरचा लोहार म्हणाला, हे काय, भोंगा आपलं वाचतोय! आणि दुकानदारानं पुन्हा तराजू उचलला.

तुम्हाला तुमच्या लोकांनी याबद्दल काय बोल लावले असतील ते मला माहीत नाही. लावले असतील. तुमचे उपकार फेडायची माझी ऐपत नाही.

आत ती दोघंही ऐकत होती. तुमचं झाल्यावर हे म्हणाले, बरा वाचतो की मेला. मग ह्यांनी वाकून बूट काढले, बाजूला ठेवले आणि तिला म्हणाले, हं, बाटली खाली पडली, मग?

नऊ वाजता खाली बसनं दोनदा हॉर्न दिला. परवान्याचं काय करायचं ते तुम्ही आणि समिती बघा, सोमवारी खुलासा मागतील. तिचं सांगून संपलं नव्हतं, म्हणून ती राहिली. आज दुपार झाली, अजून सांगतेय, आणि हे ऐकतायत.

बबडीची आई